चाकाला खोबरेल

"कालथा मिळेल का हो? मोडका असला तरी चालेल."

सगुणाने विहिरीवरून वळून पाहिलं. गडग्यापलीकडे एक तरुण उभा होता. हात कोपरापर्यंत काळे, शर्टावर घामाचे नकाशे.

"भाकरी भाजायचीय?"

"चाकं खरवडायचीत."

त्याच्यामागे एक पांढरी फियाट उभी होती, दारावर मोठा सात आकडा. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यातला तो शनिवार. रत्नागिरीबाहेर कातळावरच्या धावपट्टीवर दुसऱ्या दिवशी मोटारींची शर्यत होती. पिंपं मांडून वळणं केली होती, आणि सकाळपासून सरावाचा आवाज सगुणाच्या घरापर्यंत येत होता.

तिने कालथा आणून दिला. तो चाकाशी उकिडवा बसला. टायरवर रबराचे काळे गोळे घट्ट बसले होते, चाकाच्या आतल्या कडेलाही.

"हे कुठून आलं?"

"टायर तापला की मऊ होतो. पुढच्या गाड्यांच्या टायरचा चुरा रस्त्यावर पडलेला असतो, तो उचलतो. मग चाक एका अंगाला जड. वेग घेतला की स्टिअरिंग थरथरतं."

"आणि थरथरलं की?"

"जोरात धरायचं." तो हसला. "नाव हरिश्चंद्र. मूळ पूर्णगडचा. मुंबईत गॅरेजात असतो."

"हरिश्चंद्र? मग खोटं बोलत नसाल."

"गाडीबद्दल नाही. बाकीचं… समोर कोण आहे त्यावर."

सगुणाने उगाच पदर खोचला. तेवढ्यात ओटीवरून आप्पांचा, तिच्या वडिलांचा, आवाज आला, "कोण गो तो?"

"पूर्णगडचे आहेत. गाडी सावलीला लावू का विचारतायत."

त्याने असं काही विचारलं नव्हतं. पण त्याने लगेच मान डोलावली.

"लाव रे बाबा फणसाखाली," आप्पा म्हणाले. "वरून फणस पडला तर मला बोलायचं नाय!"

काम उरकल्यावर गाडी रात्रभर फणसाखालीच ठेवायचं ठरलं, आणि तो ओटीवर पाणी प्यायला. गॅरेजचे शेठ स्वतः आलेत, म्हणाला. उद्या जो बरा धावेल त्याला मद्रासच्या शर्यतींच्या मोसमाला पाठवणार. नाहीतर पुन्हा गाड्यांखाली झोपून नटबोल्ट.

"मग धावा की बरं."

"धावेन. रबर पुन्हा बसलं नाही तर." हे बोलताना तो हसत नव्हता. त्याच्या हातातला तांब्या हलत होता, आणि पाणी शर्टावर सांडत होतं. ते त्याच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं.

रविवारी उजाडताच ती वाटीभर खोबरेल घेऊन फणसाखाली गेली. चीक चिकटू नये म्हणून फणस कापताना विळीला आणि हाताला तेल लावतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक. रबर म्हणजे तरी काय, चीकच. तिने चारही टायर निगुतीने चोळले. आतली कडसुद्धा. कुणी पाहू नये म्हणून वाटी राखेने घासून ठेवली.

तो आला, हात हलवला, गाडी घेऊन गेला. लाल मातीच्या वाटेने फियाट हळूहळू कातळावर चढली. सगुणाला दिवस चांगला जाणार असं वाटलं.

आई स्वयंपाकघरात फणस फोडत होती. कोयता तिच्या हातातून सटकला आणि पायाजवळ खणकन पडला.

"आई! लागलं?"

"नाय गो. तेलकट मूठ, सुटणारच."

सगुणा जागीच थांबली. तेलकट मूठ… सुटणारच.

मग ती धावत सुटली. कातळ तापला होता, चप्पल एका चिरेत अडकली ती तिथेच राहिली. पलीकडे गाड्यांचा घरघराट चढत होता. सुरू झाली का? नाही… अजून एकाच जागेवरून येतोय आवाज. सांगितलं तर सगळ्यांसमोर हसं, त्याचं मद्रास गेलं. नाही सांगितलं तर ते पहिलं वळण, ती पिंपं…

प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोराजवळ हवालदाराने काठी आडवी धरली. "ओ बाई, कुठं?"

ती काठीखालून वाकून गेली. सात नंबर दुसऱ्या रांगेत होता. ती सरळ बोनेटसमोर जाऊन उभी राहिली. झेंडेवाला ओरडला. हरिश्चंद्रने खिडकीतून मान बाहेर काढली.

"वेड लागलंय का? बाजूला व्हा!"

"टायरना तेल लावलंय मी!"

"काय?"

"खोबरेल! रबर बसू नये म्हणून. चारही चाकांना…"

तो उतरला. टायरवर बसलेल्या लाल मातीवरून बोट फिरवलं, वास घेतला. त्याचा चेहरा उतरला. पुढच्याच क्षणी त्याने आत हात घालून इंजिन बंद केलं आणि गाडी एकट्याने कडेला ढकलायला लागला. सगुणाने मागून हात लावला.

झेंडा पडला. बाकीच्या गाड्या सुटल्या. प्रेक्षकांत कुणीतरी मोठ्याने हसलं. शेठ छत्रीखालून उठले, सात नंबरकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा बसले.

हरिश्चंद्र गवतात बसला. ती उभीच.

"मद्रास गेलं," तो म्हणाला.

"माझ्यामुळे."

"हो. तुमच्यामुळे."

तिने ओठ दाबून धरले. नाही म्हणेल, अशी वेडी आशा होती.

"गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं असतं?" त्याने विचारलं. "लोक म्हणाले असते, पोराला चालवता येत नव्हती."

"मला कळलं असतं."

"कशाला पडायचं होतं यात?"

"काल पाणी पिताना तुमचे हात थरथरत होते." तिचा आवाज बारीक झाला. "मला ते… बघवलं नाही."

गाड्या एक फेरी घेऊन गेल्या. डांबरावरून रबराचा चुरा उडून दोघांच्या पायांशी आला. त्याने तिच्या अनवाणी, लाल झालेल्या पायाकडे पाहिलं. मग खिशातला रुमाल काढून गवतावर अंथरला.

"मला राग आलाय," तो म्हणाला. "खोटं नाही सांगत. संध्याकाळपर्यंत टिकेल."

"टिकू दे."

"तोवर बसशील इथे?"

तो पहिल्यांदाच तिला एकेरीत बोलला होता. सगुणाने घराच्या दिशेने पाहिलं. आप्पा एव्हाना शोधायला निघाले असतील.

"बसते," ती म्हणाली, आणि रुमालावर बसली.