शिळा पत्ता

"डबीची वायर मी काढून ठेवली होती, असं तू लिहिलंस?" स्टेला सावचुकनं नवऱ्याच्या मृत्यूच्या अहवालाचा कागद गार्थ पेनरच्या टेबलावर आपटला. "लिहायला मी शिकवलं तुला. खोटं लिहायलाही मीच सापडले?"

"बाई, बसा तरी..."

"बसायला आले नाही मी!"

ब्रायर लेकच्या टेलिफोन सहकारी संस्थेची ती पत्र्याची खोली. बाहेर उणे तीस. भर दुपारी खिडकीच्या काचा आतून गोठलेल्या. कोपऱ्यात यंत्राची एकसुरी घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास. गावातल्या कोणत्याही यंत्राला दुसऱ्याला हाक मारायची असली, की ते आधी या कोपऱ्यातल्या यंत्राला त्याचं नाव सांगतं आणि पत्ता विचारून घेतं. पत्त्याला मुदत असते. ती संपली की मूळ ठिकाणी पुन्हा विचारायचं. तिथून उत्तर आलं नाही, तर शिळा पत्ता एक-दोन दिवस चालवून घ्यायचा, मग सरळ सांगायचं, ठाऊक नाही. हे यंत्र सांभाळणाऱ्या गार्थनं ती एक-दोन दिवसांची अटच काढून टाकली होती. का, तर कर्लिंगच्या, त्या बर्फावरच्या खेळाच्या, सामन्यात कुणाचा तक्रारीचा फोन येऊ नये!

आरोग्य केंद्र नव्या इमारतीत गेलं, त्यांच्याकडचं पत्ता सांगणारं यंत्र मुकं झालं, आणि गार्थचं यंत्र अकरा आठवडे जुनाच पत्ता देत राहिलं. गेल्या आठवड्यात नेस्टर सावचुकच्या छातीत कळ आली. त्यानं उशाशी ठेवलेल्या, आरोग्य केंद्राला हाक मारणाऱ्या डबीचं बटण दाबलं. 'ठाऊक नाही' एवढं जरी कळलं असतं, तरी डबीवर लाल दिवा लागला असता, स्टेलानं फोन केला असता.

"सारं गाव म्हणतं, म्हातारीनं नवरा मारला," ती म्हणाली. "चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसत नाही."

गार्थच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. वर बघायची हिंमत होईना.

"चूक माझी आहे, बाई. नोंदीत आहे सगळं... डबी दर तीस सेकंदांनी पत्ता विचारत होती. ऐंशी वेळा. दर वेळी जुनाच दिला. पण चाळीस मिनिटं... तुम्ही फोन का नाही केलात?"

स्टेलाचा आवाज एकदम उतरला.

"कारण डबीतून उत्तर येत होतं."

"काय...?"

"कुणी बाईमाणूस. 'निघालेय' म्हणायची. दर वेळी जरा जवळून... मी आपली नेस्टरचा हात धरून वाट बघत बसले."

केंद्राच्या त्या जुन्या इमारतीत गार्थ स्वतः जाऊन आला होता. वीज तोडलेली, यंत्रं उचलून नेलेली, भिंतीतून नुसत्या तारा लोंबत होत्या. तिथं बोलायला होतं कोण?

आणि एवढं ऐकूनही त्याच्या तोंडून निघालं ते काय! स्वतःचीच किळस यावी असं.

"कागद बदलतो मी, बाई. आजच. 'यंत्रात बिघाड' असं लिहितो... फक्त माझं नाव तेवढं कुणाला सांगू नका."

स्टेलानं सावकाश हातमोजे चढवले.

"नाव मी काल सांगून टाकलं, गार्थ... संस्थेच्या समितीला नाही, डबीतून ती बाई 'आता कुणाकडे येऊ' म्हणून विचारत होती, तिला."