आडाची पुसलेली रेघ

हे खरं आहे. पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. पण खोटं म्हणू नका, कारण यात माझ्या घरचं माणूस आहे.

ज्या साली आमच्या नातीचं, शिवांजलीचं लग्न झालं, त्या सालचा हा उन्हाळा. २०२४. ठिकाण सास्तूरच्या पलीकडचं आमचं खेडं. गावाचं नाव सांगत नाही. माझं नाव दगडोबा. साठी उलटल्यावर अक्षरं शिकलो, जमेल तसं लिहितो.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं जुनं गाव गेलं. नवं गाव लांब माळावर वसलं. जुन्या गावठाणात आता बाभळी आहेत, दगडांचे ढीग आहेत आणि एक आड आहे. तिथं कुणी राहत नाही. कुणी पाणी भरत नाही. आडावर लोखंडी जाळी आहे, जाळीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या करगोट्याला.

धाराशिव, सोलापूर आणि बिदर अशा तीन ठिकाणच्या अभ्यासकांनी मिळून एक काम काढलं होतं. आपापल्या भागातल्या विहिरींचं पाणी मोजायचं आणि सगळे आकडे एकत्र जपून ठेवायचे, पुढच्यांना उपयोगी पडावेत म्हणून. त्यासाठी आडात एक यंत्र सोडलं होतं. दुसरं माझ्या अंगणातल्या बोअरमध्ये. धाराशिवचा प्रसेनजित हे बघायचा. चाळिशीकडं झुकलेला, शांत माणूस. पाणी कसं वरखाली होतं त्याची रेघ तो मला मोबाईलवर दाखवायचा.

फेब्रुवारीत एकदा तो आला आणि मोबाईल पुढं केला.

आडाची रेघ रोज पहाटे खाली जात होती...

उजाडलं की थांबत होती.

"काका, आडातनं पाणी कोण काढतंय?"

"कोण काढणार? कुलूप हाय."

"किल्ली कुणाला देता का? खरं सांगा, मी रागावणार न्हाय."

"तुझ्या काकूला बी देत न्हाय. विचार तिला."

माझी बायको पुतळाबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "मला तर हे पेटीची किल्ली बी देत न्हाईत, बाबा. आडाची कशाला देतील?"

प्रसेनजित हसला. मला हसू आलं नाही.

जुन्या गावात बायका पहाटेच आडावर जायच्या. उजाडायच्या आत सगळं गाव पाणी भरून मोकळं व्हायचं.

मार्चअखेर तिन्ही ठिकाणच्यांची बैठक झाली. सोलापूरकडचे रणधीर सर म्हणाले, ओसाड गावात रोज पाणी उपसलं जात नसतं, यंत्र चुकतंय. चुकीचे आकडे ठेवायचे कशाला? ते काढा आणि रेघ सरळ करा. बिदरवाले हो म्हणाले. प्रसेनजित एकटा पडला.

पहाटेचे सगळे उतार पुसले गेले.

दोन-तीन दिवसांनी त्याचा फोन आला. "काका, गंमत बघा. आता आडाची रेघ आपोआपच सरळ येतीय. पुसायची गरजच न्हाय."

मला बरं वाटलं.

मग तो म्हणाला, "पण तुमच्या बोअरची उतरतीय... पहाटे मोटार लावता का?"

आमच्याकडं पहाटे लाईटच नसते.

दुसऱ्या दिवशी अंधारातच जाग आली. आधी कळेना कशानं. मग लक्षात आलं. लिंबावर एकही चिमणी बोलत नव्हती. गल्लीतलं कुत्रं गप्प होतं.

आणि मग...

कुर्रर्र... कुर्रर्र...

रहाटाचा आवाज.

आमच्या अंगणात रहाट नाही. नव्या गावात कुठंच नाही.

मी दार उघडलं. आवाज थांबला. अंगणात कुणी नव्हतं. पण बोअरच्या पाइपाभोवती फुफाटा ओला झाला होता आणि त्यात गोल गोल ठसे उठले होते... भरलेली घागर टेकवल्यावर बुडाचा उठतो तसे. एकाला एक लागून, ओळीनं.

पावलं एकाचीही नव्हती.

मागून पुतळाबाई म्हणाली, "आज ऐकू आलं व्हय तुम्हाला?"

"तुला कधीपासनं येतंय?"

"झालं की चार-पाच दिस. आक्का हाईत त्यांच्यात."

आक्का म्हणजे धुरपताबाई, माझी थोरली भावजय. भूकंपात गेली. दोघी जावा जोडीनं पाणी भरायच्या. एक ओढायची, एक ओतायची.

"काय म्हणती ती?"

"पुतळे, दोर धर गं, म्हणत्यात. लई बायका खोळंबल्यात."

"तू भाईर जायचं न्हाय."

"दारात आलेल्याला पाणी न्हाय म्हणावं का? असल्या उन्हाळ्यात? तुम्हीच सांगा."

ही आमच्याकडची रीत. टँकर आला नाही तरी दारातल्याला तांब्या द्यायचा.

आडावरचं त्यांचं पाणी पुसलं, म्हणून त्या माझ्या दारात आल्या होत्या. मी प्रसेनजितला फोन लावला. "ते पुसलेले आकडे परत टाक. होते तसे. आजच्या आज."

"काका, मूळ आकडे बिदरला जपलेत, हरवले न्हाईत. पण मला एकट्याला टाकता येत न्हाय. तिघांची मंजुरी लागती. कुणी मनानं फिरवाफिरवी करू नये म्हणून आमीच नियम केलाय."

"मग घे मंजुरी."

"पाडव्याची सुट्टी हाय. बैठक बुधवारी. का, झालं काय?"

"तुझी काकू पाणी भरायला जाईल, बाबा."

तो म्हणाला, "फोन करून बघतो सगळ्यांना."

त्यानं केले. रणधीर सर हसले म्हणे. "बुधवारपर्यंत पाणी पळून जातंय का?"

मंगळवारी पाडवा. सोमवारी, अमावस्येच्या संध्याकाळी मी दाराला आतून कडी घातली. दाराला आडवी बाज टाकली आणि तिच्यावर निजलो. पुतळाबाई म्हणाली, "काय कोंबड्या डालल्यागत करताय?" आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

मला जाग आली तेव्हा लख्ख उजाडलं होतं. लिंबावर चिमण्यांचा कालवा चालला होता.

बाज जागेवर. कडी आतून घातलेली.

पुतळाबाईचं अंथरूण रिकामं...

ती अंगणात होती. बोअरच्या पाइपाला टेकून बसलेली. पदर कमरेला खोचलेला. तोंडावर भीती नव्हती, दमणूक होती. मी तिचे हात हातात घेतले... दोन्ही तळहात सोलून निघाले होते. काथ्याचा दोर ओढून ओढून निघतात तसे.

अंगात ऊब नव्हती.

डॉक्टर हृदयाचं कारण म्हणाले. तळहातांचं विचारलं, तर त्यांनी दाखला लिहायला घेतला.

बुधवारी तिघांची मंजुरी झाली. आकडे परत बसले. त्यानंतर माझी बोअर पहाटे गप्प असते आणि जुन्या आडाची रेघ पुन्हा उतरते. कुलूप मी अजून उघडलेलं नाही. उघडणारही नाही.

परवा प्रसेनजित येऊन गेला. एक गोष्ट त्यानं सांगितली, ती मनातून जात नाही. पूर्वी आडाचा तो उतार पार उजाडेपर्यंत चालायचा. आता लवकर आटपतो.

दोर धरायला आता आक्काला जोड आहे.

माझी बायको पुतळाबाई मंगळवारी, ९ एप्रिल २०२४ रोजी, पाडव्याच्या पहाटे वारली.