दहा फुटांची जागा

"ते मशीन दहा मिनिटं थांबवाल का?"

मी वळून पाहिलं. विटांच्या ढिगापलीकडे एक उंच माणूस उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात पाण्याचा पेला. तो त्यानं लाच द्यावी तसा माझ्यापुढे धरला.

"का थांबवायचं?" मशीनच्या आवाजावर आवाज चढवून मी विचारलं.

"आत चाळीस मुख्याध्यापक बसलेत. त्यांना वाटतंय भूकंप होतोय."

मला हसू आलं. मी हात वर करून मशीन बंद करायला लावलं आणि पाणी पिऊन टाकलं. आमची ओळख झाली ती अशी.

तो त्या परिषद केंद्राचा व्यवस्थापक. लांबून माणसं यायची, तीन-चार दिवस राहायची, सभागृहात चर्चा करायची, वरच्या मजल्यावर झोपायची. आम्ही मागच्या बाजूला सोळा नव्या खोल्या बांधत होतो, सगळ्या तळमजल्यावर. ठेकेदार माझा मामा, आणि एकटीच्या जबाबदारीवर मिळालेलं माझं हे पहिलंच काम. भिंत केसभर कलली तरी मी ओळंबा लावून ती पाडायला लावायचे. म्हणून गवंडी माझ्या माघारी मला 'ओळंबाबाई' म्हणायचे. मला ते माहीत होतं, आणि आवडतही होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी आठ वाजता येऊ लागला. पाहुण्यांच्या बैठका कधी, जेवण कधी, ते सांगायला. आवाजाची कामं आम्ही त्यांच्या सुट्टीत उरकायची, असं ठरलं.

"साडेदहाला चहा. तेव्हा हवं तेवढं फोडा."

"आणि तुम्ही चहा कधी पिता?"

"तेव्हाच. इथे उभा राहून. आत फार आवाज येतो ना."

"आणि इथे येत नाही?"

"येतो. पण इथे... चालतो."

हे त्यानं इतक्या सरळ चेहऱ्यानं सांगितलं, की मी पातळी तपासायच्या पाण्याच्या नळीवर डोकं वाकवलं. नळीतलं पाणी स्थिर होतं. मी नव्हते.

खोल्या तळमजल्यावर का, ते त्यानं एकदा विटांवर बसून सांगितलं. आदल्या वर्षी व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या संघटनेचं अधिवेशन इथे झालं होतं. खोल्या वर, लिफ्ट नाही. तीस माणसांना रोज संध्याकाळी उचलून बसमध्ये बसवायचं, दुसऱ्या गावी झोपायला न्यायचं, सकाळी परत आणायचं. त्यांच्या अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापिका. सगळे त्यांना ताई म्हणत.

"जाताना ताई म्हणाल्या, पुढच्या वर्षी जमलं तर कळवा. मी म्हटलं, कळवायचं काय, या. तेव्हा हातात काहीच नव्हतं. मग वर्षभर विश्वस्तांच्या मागे लागलो."

"आणि जमलं नसतं तर?"

"तो विचार मी करत नाही," तो म्हणाला, आणि उठून पँटवरची विटांची धूळ झटकू लागला. मी त्याच्या पाठीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले...

अधिवेशनाला बारा दिवस उरले होते. खोल्यांना रंग लागला होता. जुनी इमारत आणि नव्या खोल्या यांना जोडणारा उताराचा रस्ताही तयार होता. त्या सकाळी तो ताईंकडून एक व्हीलचेअर मागून घेऊन आला.

"मी चालवून बघतो. तुम्ही फक्त हसू नका."

मी हसलेच. अर्ध्या उतारापर्यंत तो दात-ओठ खात चढला, मग चाकं थांबली आणि खुर्ची मागे घसरू लागली. मी धावत जाऊन ती धरली. त्याचा हात चाकावर, माझा त्याच्या हातावर. तळवे लाल झाले होते त्याचे. मग आम्ही दोघंही हसलो नाही.

मी टेप लावली. दोन फुटांची चढण, आणि लांबी फक्त चौदा फूट. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, हे मला पाठ होतं. म्हणजे चोवीस फूट. नकाशातच चूक होती, पण नकाशा तपासणं माझं काम होतं. भिंतींचा ओळंबा बघण्याच्या नादात मी ते केलं नव्हतं.

"माझी चूक आहे," मी त्याला म्हटलं. "मीच निस्तरेन."

मामा ऐकेना. "नकाशात होतं ते बांधलं. कुणीतरी मागून ढकलेल की. आता पाडलंस तर तारीख हुकेल."

"ढकलायचंच असेल मामा, तर मग बस काय वाईट होती?"

मामानं मिशी ओढली. "बारा दिवस. तेराव्या दिवशी माझ्याकडे रडत यायचं नाही."

"येणार नाही."

पण वाढीव दहा फूट आणायचे कुठून? उताराच्या खालच्या टोकाशी भिंत होती, आणि भिंतीपलीकडे व्यवस्थापकाचं ऑफिस. मी टेप हातात घेऊनच त्याच्या दारात गेले.

"दहा फूट हवेत. आणि ते... तुमच्या या खोलीत आहेत."

त्यानं टेबलाकडे पाहिलं, पुस्तकांच्या मांडणीकडे, खिडकीकडे.

"कधी पाडायचं?"

"आजच."

"पुस्तकं काढायला तासभर द्या," तो म्हणाला.

एवढंच. खात्री आहे का, दुसरा काही मार्ग नाही का, काही विचारलं नाही. मी टेप गुंडाळायची विसरून तशीच उभी राहिले.

त्याचं टेबल स्वयंपाकघराजवळच्या बोळात गेलं. आम्ही पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळा गाठून भिंत पाडली, उतार फोडला. चौथ्या दिवशी नवं काँक्रीट ओतलं आणि ते ओलं राहावं म्हणून पोती अंथरली. कामगार घरी गेले की तो झारी घेऊन पोत्यांवर पाणी मारायचा. नवव्या दिवशी पुन्हा व्हीलचेअर घेऊन हजर.

"अजून दोन दिवस," मी म्हटलं.

"एकदाच."

"नाही."

"फार हट्टी आहात तुम्ही."

"कौतुक आहे की तक्रार?"

"सकाळी तक्रार असते. संध्याकाळपर्यंत... कौतुक होतं."

अकराव्या दिवशी, अधिवेशनाच्या आदल्या दुपारी, ताई आल्या. पिकलेले केस, दणकट दंड. त्यांनी उतार खालपासून वरपर्यंत निरखला आणि चाकांना हात घातला. कुणी पुढे झालं नाही. मामानं तर दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते. मध्यावर ताई जरा थांबल्या, श्वास घेतला आणि वर पोचल्या. मागे वळून म्हणाल्या, "माझी खोली कुठली?"

ज्यानं त्यांना 'या' म्हटलं होतं, तो पलीकडे तोंड फिरवून उभा राहिला. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तीस माणसं आली आणि तीसही जण तिथेच मुक्कामाला राहिले. संध्याकाळी मामानं सामान आवरायला सांगितलं. पुढचं काम एका दवाखान्याचं, इथून चार तासांवर. मी तडक बोळातल्या त्या टेबलापाशी गेले.

"उद्या निघतेय. त्याआधी एक विचारायचंय. आणि मला 'बघू' असं उत्तर नकोय."

त्यानं पेन खाली ठेवलं. "विचारा."

"तुम्ही मला आवडता. माझं काम हे असं गावोगावचं आहे, आणि ते मी सोडणार नाही. चालेल?"

स्वयंपाकघरात ताटं वाजत होती. त्यानं टेबलावरचे कागद उगाचच सारखे केले.

"गेल्या रविवारी आईला सांगितलं मी."

"काय?"

"एका मुलीनं माझं ऑफिस पाडलं, आणि मला तिचा राग येत नाहीये."

"मग?"

"आई म्हणाली, लक्षण काही ठीक नाही. घेऊन ये तिला."

मला हसू आवरेना. "कधी येऊ?"

"तू म्हणशील तेव्हा."

तू... त्याच्याही ते लक्षात आलं. कान लाल झाले. "म्हणजे, तुम्ही—"

"राहू दे तेच," मी म्हटलं. "शनिवारी येते, चार वाजता. तुझ्या आईला सांगून ठेव."