फरशीला हत्ता

यंत्रबाळ पुन्हा पडलं, आणि पुन्हा त्याला काही झालं नाही.

मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत सकाळपासून हेच चाललं होतं. विजयमाला पाटोळे यांच्या पाळणाघरातली फरशी न्यायालयाच्या हुकमानं उखडून आणली होती आणि इथे जशीच्या तशी बसवली होती. पाण्याच्या पिंपाखालचा लोखंडी घोडासुद्धा त्याच जागी होता. दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या वजनाची, तसाच डळमळीत तोल असलेली यंत्रबाळं तिच्यावर चालत होती, अडखळत होती, आपटत होती. प्रत्येक वेळी फरशी त्यांना अलगद झेलत होती.

विजयमालाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. दुसऱ्याचं वाईट चिंतू नये हे मुलांना शिकवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आज मात्र त्या मनातल्या मनात फरशीला विनवत होत्या, चूक बाई, एकदा तरी चूक.

बालसंगोपन दायित्व कायदा तसा सरळ होता. पाळणाघरात मुलाला इजा झाली की दोष संचालिकेचा, असं धरूनच चालायचं. फरशी सदोष होती हे सिद्ध झालं, तरच तो दोष ती बनवणाऱ्या कंपनीच्या गळ्यात. फरशी निर्दोष ठरली की पाळणाघराला कायमचं टाळं, आणि विजयमालाबाई तुरुंगात. वकिलांनी कालच सुचवलं होतं की गुन्हा कबूल करा, शिक्षा थोडी कमी होईल.

शिक्षेचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. पाळणाघरात पडलेली शाल्मली अजून शुद्धीवर आली नव्हती, ते त्यांना सहन होत नव्हतं. त्या दिवशी पोरगी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होती. तिथून ती कलंडली ती थेट लोखंडी घोड्यावर, आणि रडली नाही. पडलेलं मूल रडलं की पाळणाघरातल्या बाईचा जीव भांड्यात पडतो. शाल्मली रडली नाही, तेव्हाच विजयमालाबाईंनी ओळखलं होतं.

समोरच्या खुर्चीत शाल्मलीची आई केतकी आरवाडे बसली होती. चाचणीला हजर राहण्याचा तिला हक्क होता. धाकट्याला सासूबाईंवर सोपवून ती आली होती. नुकताच चालायला लागलेला तो, क्षणभर नजरेआड करायची सोय नव्हती. इतकी वर्षं ती विजयमालाबाईंना मावशी म्हणत आली होती. आज सकाळी ती त्यांच्याशी एकच वाक्य बोलली होती, "तुमचं लक्ष कुठे होतं?"

चाचणी घेणारे डॉ. तन्वीर मुजावर हे न्यायालयानं नेमलेले तज्ज्ञ. सावकाश बोलणारा, हट्टी माणूस. त्यांनी कंपनीचे अभियंता शिरगुप्पे यांना फरशीचं काम सगळ्यांना कळेल असं सांगायला लावलं.

शिरगुप्प्यांना ते सांगायला आवडत असावं. ते म्हणाले की ही जाणती फरशी. एरवी ती दगडासारखी कडक असते. तिच्या पोटातल्या स्पर्शकणांना वजनाची हालचाल कळते. कुणाचा तोल गेला की ते मूल आदळायच्या आत तेवढी जागा भिजवलेल्या कणकेसारखी मऊ होते.

"आणि तिला उशीर झाला तर?" मुजावरांनी विचारलं.

"तर ती शिकते. जोराचा आघात बसला, म्हणजे आपण मऊ व्हायला चुकलो, असं ती समजते. त्या आघाताच्या आधी कोणत्या हालचाली झाल्या ते लक्षात ठेवते. पुढच्या वेळी तशा हालचाली दिसल्या की आधीच मऊ होते. एक फरशी शिकली की सगळ्या शिकतात. स्मृती सामायिक आहे."

"आघात मुलाचा की आणखी कशाचा, हे तिला कळतं?"

"आघात म्हणजे आघात, साहेब."

मुजावर विजयमालाबाईंकडे वळले आणि म्हणाले की इथे सकाळपासून फक्त बाहुले पडताहेत. त्या दिवशी तिथे तुम्हीही होता. तुम्ही जे केलं ते सगळं, जसंच्या तसं करून दाखवा.

विजयमालाबाईंनी सांगितलं. शाल्मली पाण्याच्या पिंपापाशी उभी होती. जवळच दुसरा एक मुलगा पडला. त्याला काही लागलं नव्हतं, पण तो भोकाड पसरून रडू लागला. म्हणून त्या त्याच्याजवळ बसल्या. पुढचं सांगताना त्या ओशाळल्या. "मग मी फरशीला मारलं. आपण मारतो तसं. माझ्या बाळाला पाडलंस काय, थांब, तुला हत्ता देते, असं म्हणून. त्यानं पोरं हसतात."

शिरगुप्प्यांनी हसू दाबलं. मुजावर हसले नाहीत. त्यांनी एक यंत्रबाळ पाडलं आणि दुसरं पाण्यापाशी उभं केलं.

विजयमालाबाई पडलेल्या बाळाजवळ एक गुडघा टेकून बसल्या. अंगाचा भार त्या गुडघ्यावर घेऊन त्यांनी उजवा हात वर उचलला.

हात अजून हवेतच होता. तेवढ्यात फरशी मऊ झाली. पडलेल्या बाळाखालचीच नव्हे, भोवतालची सगळी, पार पाण्याच्या घोड्यापर्यंत. उभ्या यंत्रबाळाचे पाय रुतले, ते कलंडलं आणि त्याचं डोकं लोखंडावर आपटलं.

तो आवाज ऐकून केतकी खुर्चीतून उठली कधी नि धावली कधी, तिचं तिलाच कळलं नसेल. तिनं ते रबरी बाळ छातीशी धरलं, त्याचं डोकं चोळलं आणि दुसरा हात उगारून फरशीला मारला. हात मनगटापर्यंत आत गेला. तेव्हा कुठे ती भानावर आली आणि आपल्या रुतलेल्या हाताकडे बघत राहिली.

"म्हणजे फरशी बिघडलेली नाही," शिरगुप्पे घाईघाईनं म्हणाले. "हिला यांनीच हे वळण लावलं. मूल पडतं, मोठं माणूस शेजारी बसतं, हात उचलतं, आणि सणसणीत आघात बसतो. फरशीनं तेवढा धडा घेतला. दोष यांचाच."

विजयमालाबाईंनी मान खाली घातली. त्यांनाही ते पटलं होतं. आपल्याच हातानं, आपल्याच मायेनं पोरीचं डोकं फुटलं. आता तुरुंगात नेलं तर बरं, असंच त्यांना वाटलं.

"ही फरशी तुम्ही कधी बसवलीत?" मुजावरांनी विचारलं.

"त्या दिवसाच्या पंधरवडाभर आधी," त्या म्हणाल्या.

"आणि शिरगुप्पे, असा एक धडा पक्का व्हायला किती आघात लागतात?"

शिरगुप्पे नाइलाजानं म्हणाले, "हजारो."

"मग हा यांनी शिकवलेला नाही. फरशी शिकूनच आली. कुठून?"

उत्तर समोरच होतं. ही फरशी पाळणाघरांत होती तशी घराघरांतही होती, आणि मूल पडल्यावर जमिनीला मारत नाही असं घर या मुलखात शोधून सापडलं नसतं. कायद्याला दोषी म्हणून एक नाव हवं होतं. इथे अख्खा जिल्हा उभा करावा लागला असता.

"आमच्याकडेही हीच आहे," केतकी म्हणाली, आणि तिनं घरी फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. मागे धाकटा रडत होता.

"काही नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "पडला जरासा. उठूनही उभा राहिला, काचेच्या टेबलाला धरून. थांब हं, आधी या फरशीला हत्ता देते, म्हणजे गप्प बसेल."

विजयमालाबाईंनी केतकीच्या हातातला फोन हिसकावून घेतला.

"आजी, हात उचलू नका. पोराला कडेवर घ्या. आधी कडेवर घ्या."

पलीकडे काहीतरी सरकलं. रडणं थांबलं.

विजयमालाबाईंनी फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. रड, बाळा, त्या पुटपुटत होत्या. एकदा रड.

मग ते आलं, आजीच्या खांद्यावरून, फोनच्या अगदी जवळून, चांगलं मोठं, रागावलेलं रडणं. केतकी मटकन खाली बसली आणि तिनं विजयमालाबाईंचे पाय धरले. "मावशी," एवढंच ती म्हणाली. विजयमालाबाईही तिच्याजवळ बसल्या, एक गुडघा टेकून. तिच्या पाठीवरून फिरवायला त्यांनी हात उचलला, आणि त्यांच्याखालची फरशी मऊ झाली.