काचेची दोन टोकं

या, असे जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगते. ऐकून छातीवरचं ओझं उतरलं नाही, तर मला विचारा.

चढाच्या रस्त्यावरून काचेच्या दुकानातली लेक आणि तिचे बाबा दाराएवढी काच घेऊन निघाले होते. वारा असा सुटलेला की, ओढणी सावरावी तर काच निसटावी! अर्ध्या वाटेत बाबांचा गुडघा लचकला. काच कलली... आणि समोरून येणाऱ्या भाषेच्या मास्तरांनी हातातली पिशवी टाकून बाबांकडचं टोक पकडलं.

"सोडू नका!" ती ओरडली. "आणि गप्प राहू नका!"

"म्ह–म्हणजे... काय बोलू?"

"मी उलटी चालतेय ना! मला मागचं दिसत नाही. तुम्हाला दिसेल ते सांगत राहा."

काचवाल्यांची रीतच ती. उलट चालणाऱ्याने समोरच्याच्या शब्दावर पाऊल टाकायचं.

"दगड... आता मोकळं... डावीकडे सायकल..." मास्तर सांगत गेले, आणि मध्येच थांबले. तिची टाच पायरीवर आपटली.

"अहो, पायरी का नाही सांगितलीत?"

"बघत होतो..."

"पायरीकडे?"

"नाही. तुमच्याकडे."

ती कानापर्यंत लाल झाली. काच त्या दिवशी देवानेच सांभाळली हो!

बाबांचा गुडघा काही पूर्ववत होईना. मग काय, शाळा सुटली की मास्तर दुकानात हजर. "मास्तरांना काचेचं भारी वेड," शेजारीण डोळे मिचकावायची.

एका संध्याकाळी खिडकीची काच नेता नेता तिने विचारलं, "मास्तर, 'विवाह' हा शब्द आला कुठून हो?"

शब्द विचारला की मास्तरांना पंखच फुटायचे. "सोपं आहे! 'वह्' म्हणजे वाहून नेणं आणि 'वि' म्हणजे विशेष रीतीने. नवरीला तिच्या घरून थाटात घेऊन जायचे, म्हणून विवाह!"

तिने काच हळूच भिंतीला टेकवली. "मग मला नको."

"काय नको?"

"तुम्ही विचारणार होतात ना... ते. मला नेलंत, तर बाबांच्या काचेचं दुसरं टोक कोण धरणार? दुकानाला कुलूप लागेल. बाबा भिंतीकडे बघत बसतील."

आत बाबांनी सगळं ऐकलं. माझ्या गुडघ्यापायी पोर अडकली, या विचाराने त्यांच्या घशाखाली घास उतरेना. मास्तरही फिरकेनात.

आणि मग एका सकाळी ते आले, ते थेट बाबांसमोर.

"बाबा, मी अर्धवट सांगितलं. शब्दात फक्त वाहून नेणं आहे. नवरीलाच न्यायचं, ही माणसांची रीत. तेव्हा... तुम्हीच मला घेऊन या ना. माझी वाट बघणारं तिकडे दाराला लावलेलं कुलूपच आहे."

दारामागे ती कान लावून उभी होती. बाबांनी गुडघा चोळत मान वर केली.

"सामान काय आहे, मास्तर?"

"एक अंथरूण आणि पुस्तकांची दोन कपाटं."

"काचेची?"

"हो. पण एकाची फुटलीय."

"मग सोयरीक पक्की!" बाबा असे हसले, की दुकानातल्या काचा किणकिणल्या. दारामागून ती पुढे आली.

"मास्तर, आता उलटं तुम्ही चालायचं हं."

"चालेन. पण तुम्ही गप्प राहायचं नाही."

"आयुष्यभर?"

"निदान... पायरी आली की तरी."

त्या दुपारी बाबा कित्येक दिवसांनी पोटभर जेवले आणि पाय पसरून गाढ झोपले.

मंडळी, रस्त्यात दोन माणसं काच नेताना दिसली, तर बाजूला होऊन वाट द्या. आणि घटकाभर त्या बाबांची आठवण काढा, ज्यांनी आपल्या हातातलं टोक हसत हसत दुसऱ्याच्या हाती दिलं.