उणे पन्नास

"ताई, तू नको गं शिकवूस तिला! उणे पन्नासवालीची शिकवणी लावायची वेळ अजून आलेली नाही आपल्यावर!"

धाकटी हसत हसतच म्हणाली... पण भाचीच्या पुस्तकावर वाकलेली ताई चटकन मागे सरली आणि नेहमीसारखीच हसून टेबलावरची ताटं उचलू लागली. काळजात मात्र तीच जुनी कळ! बाबा जाईपर्यंत हेच म्हणत राहिले होते, थोरलीनं नाव घालवलं...

"उणे पन्नास?" भाचीने मान वर केली.

"डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत गं," धाकटी म्हणाली. "आम्ही दोघी एकदमच बसलो होतो. पन्नास प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. तुझी आजी अंथरुणाला खिळलेली, म्हणून आजोबांनी ठरवलेलं, आम्हा दोघींत जिला जास्त गुण पडतील ती डॉक्टर होईल, दुसरी घरी थांबेल."

"म्हणजे पन्नासच्या पन्नास चुकले? एकही बरोबर नाही?" भाचीच्या कपाळाला आठी पडली. "अगं आई, नुसत्या डोळे मिटून खुणा केल्या तरी चारांतला एक पर्याय कधी ना कधी लागतोच! दहा-बारा तरी बरोबर येतात, बेरीज शून्याच्या आसपास राहते. सगळेच्या सगळे चुकवायचे तर..." ती थबकली. "तर बरोबर उत्तर कुठलं, ते दर वेळी ठाऊक असायला लागतं!"

 ताईने हातातली ताटं परत टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवली.

"ताई..." धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, इकडे बघ माझ्याकडे!"

"जाऊ दे गं आता..."

"पेपर कोरा का नाही दिलास मग?"

"कोरा दिला असता तर बाबांनी ओळखलं असतं. आणि थोडे बरोबर लिहिले असते, नि नेमकी तूच कमी पडली असतीस तर? तुला डॉक्टरच व्हायचं होतं. मला... मला आईपाशी राहायला चालणार होतं."

"आणि मी इतकी वर्षं, चारचौघांत, तुझी थट्टा..."  धाकटीने धावत जाऊन थोरल्या बहिणीला घट्ट मिठी मारली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी हमसून हमसून रडू लागली. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या स्पर्शात ना राग होता, ना उपकाराचा लवलेश... होती ती केवळ अथांग माया!

बऱ्याच वेळाने धाकटीने डोळे पुसले.

"ताई, शेवटचा तो भिंगाच्या नाभीय अंतराचा प्रश्न आठवतो? मला सुटलाच नव्हता. सोडून दिला होता मी."

ताई पुन्हा ताटं गोळा करू लागली.

"तुला येत होता?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं! आतापर्यंत कोरडे राहिलेले ताईचे डोळे भरून आले, आणि शाळकरी मुलीसारखी लाजत ती हळूच म्हणाली,

"येत होता गं... अगदी सोपा होता."