फाटकावरची पाळी

बसा, ग्लास भरून घ्या. बाहेर अंधार पडलाच आहे, आता घाई कशाला? ही डेस्मंड पास्कची गोष्ट. आपल्या चर्चचा कारभारी, माझा चाळीस वर्षांचा शेजारी. ऐकीव असती तर मी तोंड उघडलं नसतं.

गेल्या वर्षीचा पंधरा नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी डेस्मंड नेहमीसारखा मनोऱ्यातल्या घड्याळाला किल्ली द्यायला निघाला. आदल्याच दिवशी त्यानं आईला, म्हाताऱ्या ऑलिव्हला, पुरलं होतं. त्याच दुपारी सिरिल गॅमनलाही पुरलं. पाद्रीबाईंकडे पाच गावं, म्हणून दोन्ही अंत्यविधी एकदमच उरकले. आता डेस्मंड आणि सिरिल यांच्यात आयुष्यभर विस्तव जात नव्हता. आणि आपल्याकडची समजूत तुम्हाला ठाऊक आहेच. शेवटी पुरलेल्यानं चर्चभोवतीच्या कबरस्तानाच्या फाटकावर राखण करायची, पुढचं मढं येईपर्यंत. हसता काय रे? डेस्मंडही हसायचा. पण प्रश्न आईचा आला आणि गड्याचं हसू आटलं.

त्या शुक्रवारी सिरिलची शवपेटी आधी पोचली. बघतात तर फाटकाला कुलूप! सिरिलची मुलगी हेझल थंडीत ताटकळत उभी.

"डेस, उघड की. आमचा नंबर पहिला आहे."

"किल्ली सापडत नाहीये गं."

"मग खिशात खुळखुळतंय ते काय? दात?"

त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आईची गाडी आली, तशी किल्ली सापडली. ऑलिव्ह आधी आत गेली. सिरिल मागून, म्हणजे राखण त्याच्या गळ्यात.

तर शनिवारी घड्याळाचं काम आटोपून तो बाहेर आला. फाटक ढकललं. हलेना. कुलूप नाही, कडी नाही. खांदा लावून पाहिला, तरी नाही. मग तो भिंतीकडे वळला. छातीइतकीच तर भिंत. पाय टाकणार, तोच पलीकडून कुणीतरी खोकलं.

"उतर खाली, पास्कच्या पोरा."

सिरिलचा आवाज. डेस्मंड पुन्हा फाटकाकडे धावला. आवाज तिथं आधीच हजर.

"रांग मोडलीस."

"सिरिल... जाऊ दे मला."

"जाऊ देणं न देणं आता माझ्या हातात. तूच तर दिलंस हे काम."

डेस्मंडनं हाका मारल्या. समोरच्या घरात दिवे होते. कुणी आलं नाही. मनोऱ्यावर सात वाजले. आठ वाजले. बोटं बधिर झाली. पलीकडे काही हलत नव्हतं. फक्त मधूनच तो खोकला...

"पाळी कुणाची होती?"

डेस्मंडनं फाटकाला पुन्हा खांदा लावला.

"कुणाची?"

"आईची..."

"मोठ्यानं."

"आईची! तिलाच उभं कर! मला सोड!"

फाटक उघडलं. आपोआप. जराही न करकरता.

तो तडक माझ्या स्वयंपाकघरात आला. घडलेलं सगळं सांगून झाल्यावर "मी आईला देऊन टाकलं रे," एवढंच म्हणत लहान मुलासारखा रडत राहिला. मी म्हटलं, भास असेल, दुःखात माणसाला होतं असं. पण खरं सांगतो, मला त्याचा राग आला होता. कुलपाचा नाही. आईसाठी मीही कदाचित लावलं असतं. राग आला तो त्या शेवटच्या दोन शब्दांचा, 'मला सोड'.

उजाडल्यावर आम्ही दोघं गेलो. गवत हिमानं पांढरं झालेलं. सिरिलची कबर तशीच, वरचं फूलसुद्धा हललेलं नव्हतं.

ऑलिव्हच्या कबरीपासून मात्र पावलं निघाली होती. अनवाणी. लहानशी. उजवं पाऊल स्वच्छ उमटलेलं. डाव्याची नुसती ओढलेली रेघ... अर्धांगाच्या झटक्यानंतर ती चालायची तशी.

पावलं फाटकापर्यंत गेली होती. परतीचं एकही नव्हतं.